थकून आल्यावर रात्री काय शिजवावे?

‘‘काल रात्री काय जेवलात?’’ रक्ताचा रिपोर्ट हातात घेण्याआधी मी रुग्णांना हा प्रश्न विचारतो. बायकांकडून बहुधा एकच उत्तर येते, ‘‘कंटाळा आला होता हो डॉक्टर, चहा-खारी खाल्ली नि पडले.’’

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिकाबाईंना त्यांचे यजमान पहाटे रिक्षातून घेऊन आले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. घरच्यांना वाटले, अर्धांगवायूचा झटका. तपासली तर साखर 46! बाईंनी मधुमेहाची गोळी नेमाने घेतली होती, जेवण मात्र टाळले होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात त्या नीट बोलू लागल्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीचे जेवण चुकवणे असे अंगाशी येते. अशी लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी व नंतर जेवण द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

पण दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री पोळी-भाजी-वरण-भात रांधावा, हा आग्रह मला मान्य नाही. फळीवरच्या चार डब्यांत पुरेसे जेवण असते.

पहिला मान मुगाच्या खिचडीचा. आपल्याकडे दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतात; मी दोन्ही समसमान घ्यायला सांगतो. अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ यांतून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तांदळात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीतली उणीव तांदूळ भरून काढतो. म्हणून ही जोडी नुसत्या भातापेक्षा पोषक. तेलात जिरे, हिंग, हळद घालून धुतलेले डाळ-तांदूळ परतावेत, चौपट पाणी व मीठ घालून कुकरच्या तीन-चार शिट्ट्या कराव्यात. फोडणीत मूठभर शेंगदाणे टाकले तर उत्तमच. मूगडाळ पचायला हलकी, त्यामुळे झोपेच्या वेळी पोट जड होत नाही. वर लिंबू जरूर पिळावे, डाळीतले लोह त्याने अंगी लागते. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा तेच लोह अडवतो. पापड आणि लोणचे मात्र रक्तदाबवाल्यांनी दूर ठेवावे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे आणि ते या दोघांतच बरेचसे संपते.

तांदळाचा कंटाळा आला तर पिठले. एक वाटी बेसनाला साडेतीन वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी, गुठळ्या मोडून झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे. घाईत कच्चे राहिलेले बेसन पोटात वारा धरते आणि मग दोष बिचाऱ्या हरभऱ्याला! भाकरी थापायचे त्राण नसेल तर सकाळची पोळी चालेल. भाजणी घरात असेल तर एक-दोन थालीपिठे आणि दही.

सकाळच्या भाताला फोडणी देणाऱ्यांना एक इशारा. शिजलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवू नये. त्यात एक जंतू वाढतो, ज्याचे बीज शिजवूनही मरत नाही आणि ज्याचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या होतात त्या यानेच. भात निवताच, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. उन्हाळ्यात तर यात हयगय नको.

त्या बाईंच्या चिठ्ठीवर मी औषधांखाली खिचडीचे प्रमाण लिहून दिले आणि चिठ्ठी यजमानांच्या हाती दिली. कुकर लावणे पुरुषांना जमते, मला जमते. त्यांनी आता डाळ-तांदूळ निवडून, समसमान मिसळून एक मोठा डबा भरून ठेवला आहे. बाईंची बस साडेसातला येते, सव्वासातला ते कुकर चढवतात. मीठ अजून कमी-जास्त होते, अशी बाईंची तक्रार आहे.