दुकानात नीट चालणारा संगणक

चालता चालता बंद पडणारा संगणक तीन तऱ्हांनी बंद पडतो. पहिल्या तऱ्हेत क्षणात सगळे काळे होते, पंखेही थांबतात. दुसऱ्या तऱ्हेत निळा (अलीकडच्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा येतो, त्यावर इंग्रजीत एखादा कोड दिसतो आणि यंत्र आपले आपण रिस्टार्ट होते. तिसऱ्या तऱ्हेत पडद्यावरचे चित्र आहे तिथेच अडकते, माउस हलत नाही, गाणे चालू असेल तर एकच सूर भुणभुणत राहतो. दुरुस्तीच्या दुकानात मात्र या तिन्ही गोष्टी ‘हँग होतोय’ या दोन शब्दांत सांगितल्या जातात आणि निदान तिथूनच भरकटू लागते. एकदम काळोख होत असेल तर संशय आधी विजेवर, एसएमपीएसवर (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) किंवा उष्णतेवर घ्यावा. निळ्या पडद्यामागे रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हर असण्याची शक्यता जास्त. चित्र गोठत असेल तर डिस्क, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड पाहावे लागते. ही विभागणी ढोबळ आहे, पण सुरुवात कुठून करायची ते तिच्यावरून ठरते.

‘कधीही बंद पडतो’ ही तक्रार बहुधा अर्धवट असते. वहीत तारीख, वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम आणि त्याच सुमारास घरात किंवा शेजारी सुरू झालेली मोटर, फ्रिज, गिरणी असे लिहीत गेले की आठ-पंधरा दिवसांत एखादा धागा हाती लागतो. फक्त संध्याकाळीच, फक्त पावसाळी हवेत, सुरू केल्यावर अर्ध्या तासानेच, किंवा टॅलीची मोठी फाईल उघडली की लगेच. निदानाचे निम्मे काम या वहीत होते आणि त्याला पैसा लागत नाही.

त्याऐवजी होते काय, तर पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारला जातो. सातारा-सांगलीकडेच असे नव्हे, सगळीकडेच ‘नवीन विंडोज टाकून बघू’ हा पहिला उपाय ठरतो, कारण त्यात दुकानदाराला काही उघडावे लागत नाही. तोटा असा की यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी त्यात पुसल्या जातात. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेकजण एसएमपीएस गेला म्हणून मोकळे होतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. कारण तिच्यात नसते, ते आजूबाजूच्या नोंदींत शोधावे लागते. तिच्यासोबत निळ्या पडद्याचा कोड असेल तर वाट वेगळी. कोडच्या जागी शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली असावी किंवा यंत्र पार गोठून बटणाने बंद करावे लागले असावे. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने नोंदी येत असतील, तर प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्डवरच्या जोडण्यांनीच तक्रार नोंदवली आहे असे धरावे.

सॉफ्टवेअरचा दोष अर्थातच असू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांवर निळा पडदा आला, त्यातल्या एकाचाही सुटा भाग बिघडलेला नव्हता. दोष सॉफ्टवेअरचा की यंत्राचा, हा प्रश्न सोडवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पेन ड्राइव्हवर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली घेऊन त्यावरच यंत्र चालवून पाहणे. हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हात न लावता हे करता येते. तिथेही तसेच बंद पडले तर दोष यंत्रात आहे यात फारशी शंका उरत नाही.

आता वीज. पेटी उघडण्याआधी भिंतीकडे पाहावे, हा या भागापुरता तरी पहिला नियम मानायला हवा. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि नियमाने त्यात ६ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. वाडीवस्तीवर, जिथे एकाच डीपीवर विहिरीच्या मोटारी आणि घरे दोन्ही आहेत, तिथे हा आकडा संध्याकाळी खाली जातो आणि मोटारी बंद झाल्या की चढतो. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही पेलतो. मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असलेल्या स्वस्त एसएमपीएसकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. लाईट क्षणभर गेली तरी एसएमपीएसमधील कपॅसिटर साठवलेल्या ऊर्जेवर यंत्र तगवून धरतात, पण तो काळ फार तर पंधरा-वीस मिलिसेकंदांचा. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. कपॅसिटर जुने झाले की हा काळ आणखी घटतो. मग ट्यूब नुसती लुकलुकली, जी माणसाला धड जाणवतही नाही, तेवढ्यानेही संगणक रिस्टार्ट होतो आणि घरातले बाकी सगळे चालू असल्याने विजेवर कोणाचा संशय जात नाही.

सातारा शहरातल्या एका छोट्या कार्यालयातील यंत्राचे असेच झाले होते. संध्याकाळी ते अचानक बंद पडे. दुरुस्तीला नेले की तिथे दिवस दिवस बिनतक्रार चाले, आणि परत आणले की पुन्हा तेच. विंडोज नवे टाकून झाले, रॅम बदलून झाली. शेवटी कार्यालयातच साधा मल्टिमीटर लावला, तेव्हा दिवेलागणीनंतर बोर्डावर १९० च्या आसपास व्होल्ट मिळत होते. दुकानाची वस्ती वेगळी, तिथली लाईन भक्कम, म्हणून थकलेला एसएमपीएस तिथे भार ओढू शके. वीज एकटी दोषी नव्हती आणि एसएमपीएसही एकटा नव्हता. दोन अर्धे दोष एकत्र आले की पूर्ण बिघाड होतो, आणि एकेक सुटा तपासला तर दोन्ही निर्दोष ठरतात. ‘दुकानात नीट चालतो’ हे वाक्य म्हणूनच यंत्राच्या तब्येतीचे प्रमाणपत्र धरू नये. यंत्र जिथे बंद पडते त्याच टेबलावर, त्याच प्लगवर आणि त्याच वेळेला तपासावे.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या संगणकाची आणखी एक खोड असते. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे दोन स्थितींचा एक खटका असतो: एक ‘यूपीएस’, दुसरी ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. दुसऱ्या स्थितीत लाईट गेल्यावर बॅटरीवर येण्यास जो वेळ लागतो तो पंखा-दिव्याला चालतो, संगणकाला चालत नाही. खटका सरकवण्याला खर्च नाही, पण तो कोणी पाहत नाही.

अर्थिंगचा प्रश्न त्याच रांगेतला. कॅबिनेटला उघडा हात लावला की झिणझिण्या येत असतील तर तिसरी पिन जमिनीला पोचलेली नाही. साताऱ्याकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि असून नसल्यासारखा होतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे. एसएमपीएसची स्वतःची तपासणी मल्टिमीटरने होते: १२ व्होल्टची तार भाराखाली ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिली पाहिजे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ टिकून राहतो.

वीज नीट असल्याची खात्री झाल्यावर उष्णता आणि धूळ. माण-खटाव, जत-आटपाडीकडची कोरडी धूळ, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची भुकटी, गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीतून येणारी काजळी, हे सगळे प्रोसेसरवरच्या पंख्याखालील पात्यांत जाऊन बसते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर यंत्र बंद करून टाकतो. म्हणून उष्णतेने बंद पडणारे यंत्र बहुधा आधी संथ होते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान दिसते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरमसाठ वेगाने फिरून बेअरिंग जाते. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर बदलावी. यापुढे उष्णतेबद्दल सांगण्यासारखे फार नाही.

रॅमचा दोष सगळ्यात फसवा, कारण तो दर वेळी वेगळा मुखवटा घालतो. आज ब्राउझर बंद पडतो, उद्या झिप फाईल खराब निघते, परवा वेगळ्याच कोडचा निळा पडदा येतो. कोड दर खेपेला बदलत असेल तर रॅमवरचा संशय वाढवावा. मेमरीतला एखादा बिट उलटणे ही काही नवलाची गोष्ट नाही. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत निदान एकदा तरी मेमरीची चूक नोंदली गेली होती. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मते जास्त दिसली. हा आकडा दोनाचा बारावा घात असल्याने एक बिट उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. सर्व्हरांतली ईसीसी मेमरी अशी एकेरी चूक दुरुस्त करते. आडतीच्या दुकानातल्या साध्या संगणकात ती सोय नसते.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावे. एक लाल ओळ आली तरी रॅम नापास. ‘एवढी एकच चूक आहे’ असे म्हणून ती पुढे वापरू नये. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर ती बंद करून पुन्हा तपासावे. मग एक-एक कांडी एकटी लावून आणि नंतर खाचा बदलून पाहावे, म्हणजे दोष कांडीत आहे की मदरबोर्डाच्या खाचेत हे उलगडते. कांडीचे सोनेरी टोक खोडरबराने घासण्याचा उपाय दुकानोदुकानी चालतो आणि पुष्कळदा गुणही येतो. मात्र खरखरीत रबराने तो मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरे. वीज रॅमच्या आधी तपासायची ती याचसाठी की कमजोर एसएमपीएसवर चांगली रॅमही मेमटेस्टमध्ये नापास होऊ शकते.

डिस्कवर संशय असेल तर तपासणीआधी बॅकअप, ही क्रमवारी बदलू नये. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रिअलोकेटेड सेक्टर’चे आकडे वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. ‘सीआरसी’ चुकांचा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्क फेकण्याआधी साटा केबल बदलावी, दोष बहुधा तिच्यात असतो.

मदरबोर्ड शेवटी. कपॅसिटरची टोपी फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेला दिसला तर निकाल तिथेच लागला. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरला की तारीख-वेळ चुकते, पण त्यामुळे चालू यंत्र मध्येच बंद पडत नाही, तरी तो बदलून बिल लावले जाते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात ओल बोर्डावर बसते आणि जुन्या धुळीशी मिळून नको तिथे वीज झिरपू लागते. अशी यंत्रे पावसाळ्यात सकाळी अडतात आणि तापल्यावर चालतात. सांगलीत ओलीचे याहून वाईट रूप पाहायला मिळाले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. पुराच्या पाण्यातून निघालेले यंत्र वाळवल्यावर सुरू होते तेव्हा वाचल्याचा आनंद होतो, पण गाळातले क्षार डाखाच्या ठिपक्यांवर काम करत राहतात. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते आणि काही महिन्यांनी यंत्र अवचित बंद पडू लागते. अशा यंत्रातून डेटा काढून घ्यावा आणि हिशेबाचे काम त्यावर पुन्हा सुरू करू नये.

प्रोसेसर क्वचितच बिघडतो, पण अपवाद मोठा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती पुढची झीज रोखते, झालेली भरून काढत नाही. या पिढीचे यंत्र असेल तर रॅमवर पैसे घालण्याआधी बायोसची आवृत्ती पाहावी. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. विंडोज ११ असलेल्या कित्येक लॅपटॉपवर ते कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते.

भाग बदलताना एका वेळी एकच बदलावा, शक्यतो उसना आणून. त्यानंतर किती दिवस वाट पाहायची, याचेही गणित आहे. सरासरी तीन दिवसांतून एकदा बंद पडणारे यंत्र एक दिवस नीट चालले, याला काही अर्थ नाही. ते नऊ दिवस, म्हणजे तिप्पट काळ, बिनतक्रार चालले तर हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उरते. ज्याला त्याहून खात्री हवी त्याने काढलेला जुना भाग परत लावून पाहावा. बिघाड परत आला तरच दोष त्या भागात होता. नाही आला, तर भाग काढता-लावताना एखादी सैल जोडणी बसली असणार, आणि नव्या भागाचे पैसे वाचले.