कॉलेजच्या शिक्षणाचा जमाखर्च

शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यावर जे पालक दाखला नेण्यासाठीं शाळेंत येतात, त्यांपैकीं बरेच जण दाखला हातीं पडल्यावरहि लगेच निघत नाहींत. पाऊसपाण्याविषयीं थोडें बोलणें होतें आणि मग मूळ प्रश्न बाहेर पडतो : "सर, पुढें शिकवावें कीं नाहीं? एवढा पैसा घालून शेवटीं पदरांत काय पडणार?" गेल्या वर्षीं एक गृहस्थ तर पिशवींत सात-बाराचा उतारा घेऊनच आले होते. त्यांची मुलगी आमच्याच शाळेंतून बारावी झालेली. दोन एकरांपैकीं एक एकर विकून तिला शहरांतील एका खाजगी कॉलेजांत कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमास घालावें असा त्यांचा विचार होता, आणि जमिनीचें गिऱ्हाईक आठ दिवसांत उत्तर मागत होतें. त्यांच्याशीं जें बोलणें झालें त्याचा सारांश इतर पालकांच्या व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटून येथें देत आहों.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा अजमास केला नाहीं तर पाया घातल्यावर काम अडतें आणि येणारेजाणारे हसतात. उपदेशक हा दाखला शिष्यपणाच्या संबंधानें सांगतात व तेंच योग्य आहे. परंतु ज्या घरांत मुलाच्या कॉलेजची फी भरावयाची आहे त्या घरींहि तो वाचला जावा असें आम्हांस वाटतें.

पदवीला पूर्वी जें मोल होतें तें बऱ्याच अंशीं तिच्या दुर्मिळतेचें होतें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले, ते अवघे चौघे. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. त्या काळीं पदवीधरास नोकरी शोधीत जावें लागत नसे. आज तशी स्थिति नाहीं. केंद्र सरकारच्या श्रमबलाच्या पाहणींत २०२२-२३ या वर्षीं देशांतील बेकारीचें एकूण प्रमाण शेंकडा ३.२ आढळलें, तर पदवीधरांमध्यें तें शेंकडा १३ हून अधिक होतें. हे आंकडे वाचून पुष्कळजण म्हणतात कीं शिक्षणानेंच मुलें बेकार होतात. हें अनुमान घाईचें आहे. न शिकलेल्या गरिबाला बेकार राहणेंच परवडत नाहीं. तो मिळेल तें काम मिळेल त्या मजुरीवर पत्करतो, आणि पाहणींत त्याची गणना कामावर असलेल्यांत होते. पदवीधर घरच्या भाकरीवर मनासारख्या नोकरीची वाट पाहूं शकतो. तरी एवढें मात्र खरें कीं नुसत्या पदवीच्या कागदावर दार उघडत नाहीं, आणि तो कागद जमीन विकून आणावयाचा असेल तर विचार दुप्पट करावयास पाहिजे.

आतां कर्जाचें गणित पाहूं. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वहींत सोडवून पाहावें. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं दर वर्षाच्या आरंभीं एक लाख याप्रमाणें चार लाख रुपये बँकेकडून घेतले आणि व्याजाचा दर शेंकडा १० आहे. परतफेडीस आरंभ शिक्षण संपल्यावर एका वर्षानें होतो. तोंवर सरळव्याज धरलें तरी पहिल्या लाखावर ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २० हजार मिळून १ लाख ४० हजार रुपये चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशीं देणें ५ लाख ४० हजारांचें झालेलें असतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिन्याचा हप्ता सुमारें ७,१०० रुपये बसतो आणि एकंदर भरणा साडेआठ लाखांच्या घरांत जातो. शिकत असतांनाच व्याज भरत गेल्यास तोच हप्ता ५,३०० च्या आसपास राहतो. एवढा फरक थोड्याशा काटकसरीनें पडतो, पण तो कोणी समजावून सांगत नाहीं. "फी चार लाख" असें आपण म्हणतों, तेव्हां हें व्याज, खोलीचें भाडें, खानावळ, बसचा पास यांपैकीं कांहींच त्यांत धरलेलें नसतें. शिवाय मुलगा त्या वर्षांत कामाला लागला असता तर घरीं जे चार पैसे आले असते तेहि खर्चाच्याच बाजूस लिहावयाचे असतात.

येथें आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. निबंधांत तो नेहमी पहिला येई. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक. आम्ही त्याच्या घरीं दोनदां गेलों आणि मुलाला मोठ्या शहरांतच शिकवा असा आग्रह धरला. वडिलांनीं आमच्या शब्दाखातर कर्ज काढलें. दुसऱ्या वर्षीं ते आजारी पडले, मुलगा शिक्षण सोडून घरीं आला, आणि अर्ध्या पदवीला बाजारांत कांहींच भाव नाहीं हें आम्हां सर्वांस कळलें. कर्ज मात्र पूर्णच राहिलें. कॉलेज चांगलें होतें, मुलगाहि चांगला होता. परंतु कमावता एकच मनुष्य असलेल्या घरीं तो मनुष्य आजारी पडला तर पुढें काय, हा साधा प्रश्न आम्हीं विचारला नव्हता. आम्ही स्वतः मिशनच्या शिष्यवृत्तीवर शिकलों. त्यामुळें "शिका" म्हणणें आम्हांस सोपें जातें. तो आतां संसारी गृहस्थ आहे, रस्त्यांत भेटला कीं आदरानें नमस्कार करतो, आणि आम्हांलाच संकोच वाटतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीचा अभ्यास मध्येंच थांबला तरी एका वर्षाबद्दल प्रमाणपत्र व दोन वर्षांबद्दल पदविका देण्याची योजना केली आहे, हें बरें झालें. त्या कागदास काय मोल येईल तें नोकरी देणारेच ठरवतील.

म्हणून कॉलेज महाग कीं स्वस्त असा मोघम प्रश्न न करतां, कोणतें कॉलेज, कोणाच्या पैशानें, आणि मुलगा शेवटपर्यंत टिकेल कीं नाहीं, असें विचारावें. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजांतील कला, वाणिज्य व शास्त्र शाखांची फी खाजगी विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या मानानें पुष्कळच कमी असते, आणि तेथील शिक्षक कित्येकदां अधिक अनुभवी असतात. परंतु त्यांच्या जाहिराती हमरस्त्यावर लागत नाहींत. फलक मोठा तें कॉलेज मोठें, अशी एक समजूत पालकांत आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या कॉलेजांत दोन वर्षें काढलेल्या एखाद्या मुलास भेटावें आणि प्रयोगशाळा उघडी असते काय, शिक्षक वर्षभर टिकतात काय, एवढें विचारावें; माहितीपुस्तकांत नसलेलें बरेंच कळतें. कर्ज देतांना सरकारसुद्धां असा भेद करूं लागलें आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेली विद्यालक्ष्मी योजना तारणावांचून कर्ज देते, आणि ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ३ व्याजाची सवलत देते. परंतु ती निवडक दर्जाच्या संस्थांसाठींच आहे.

कॉलेज गांवाजवळ असणें ही सुद्धां एक शिष्यवृत्तिच समजावी. डॉ. भा. पां. हिवाळे यांनीं १९४७ सालीं अहमदनगर येथें कॉलेज काढलें. पुण्यास राहण्याजेवणाचा खर्च ज्यांस झेपत नव्हता अशा मुलांना तें किती उपकारक झालें असेल याची कल्पना करावी. त्याच वर्षीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज सुरू केलें आणि मुलांनीं अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा अशी "कमवा व शिका" पद्धति तेथें चालविली. हातांत कुदळ धरल्यानें विद्यार्थ्याची प्रतिष्ठा जाते असें त्यांस वाटलें नाहीं. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस मात्र वाटतें, म्हणून मुद्दाम लिहितों.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण आपण नेहमी देतों, पण त्यांतला खर्चाचा भाग क्वचितच सांगतों. १९१२ सालीं बी. ए. झाल्यावर पुढच्या वर्षीं ते सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. बदल्यांत बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार होता. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हां एवढें शिक्षण असूनहि अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि परत यावें लागलें. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पगारांतून शिल्लक टाकली, शाहूमहाराजांची मदत झाली, मित्राकडून कांहीं उसने घेतले, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनला जाऊन १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. शिक्षण थांबवून कमावणें आणि कमावून पुन्हा शिकणें यांत कमीपणा नाहीं, हें या चरित्रांतून आमच्या मुलांच्या मनावर ठसावें.

ज्यांना पुस्तकांपेक्षां यंत्रांची गोडी अधिक, त्यांनीं दहावीनंतरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा विचार करण्यास लाजूं नये. वेल्डरचें काम एका वर्षांत, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचें दोन वर्षांत शिकतां येतें. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतल्यास इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षांतहि जातां येतें. ज्या घरीं आजपर्यंत कोणी कॉलेजची पायरी चढलें नाहीं तेथें मात्र पहिल्या पदवीचा लाभ पगारांत मावत नाहीं. धाकट्या भावंडांना फॉर्म भरून देणारें, कचेरींत जाऊन न घाबरतां बोलणारें माणूस घरांत तयार होतें, आणि तें कोणत्याच जमाखर्चांत लिहितां येत नाहीं.

सात-बारा घेऊन आलेल्या गृहस्थांबरोबर आम्हीं हा सारा हिशेब एका कागदावर मांडला. खाजगी कॉलेजची जागा व्यवस्थापनाच्या कोट्यांतली होती. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला, परंतु व्यवस्थापनाच्या कोट्यास तो लागू नाहीं. केंद्रीय प्रवेशफेरींतून जागा मिळाली तरच लागू. हें त्यांस ठाऊक नव्हतें. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं ते दुसऱ्याच दिवशीं तहसील कचेरींत गेले. दुसऱ्या फेरींत मुलीला कॉम्प्युटर मिळालें नाहीं. स्थापत्य मिळालें, तेंहि घरापासून लांबच्या कॉलेजांत. ती दोन दिवस रडली असें वडिलांनीं सांगितलें. वसतिगृहाच्या खर्चासाठीं एक म्हैस विकावी लागली. जमीन राहिली.

दिवाळीच्या सुटींत ती शाळेंत भेटावयास आली होती. यंत्रचित्रण जड जातें म्हणाली, पण मोजणीच्या तासास मैदानांत उभें राहणें आवडतें. जातांना तिनें ग्रंथालयांतून त्रिकोणमितीचें एक जुनें पुस्तक मागून नेलें. तें अजून परत आलेलें नाहीं, आणि आम्हींहि मागितलेलें नाहीं.