घराचे छप्पर आणि झाडाखालचा माणूस

माझ्या वर्गातील एक मुलगा 'घर' हा शब्द नेहमी 'धर' असा लिहीत असे. वीसवीस वेळा गिरवूनही दुसऱ्या दिवशी त्याच्या पाटीवर पुन्हा 'धर'च उमटे. पुढे पुढे शुद्धलेखनाचा तास आला की, त्या बिचाऱ्याचे डोळे पाणावत. अखेर एके दिवशी मी दोन्ही अक्षरे फळ्यावर काढली आणि म्हणालो, "हे पाहा बाळ, 'घ' हा घराचा. घराचे छप्पर अखंड हवे. 'ध'ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली आहे. त्या घरात पाऊस नाही का येणार?" तो खुदकन हसला. त्यानंतर त्याच्या घराचे छप्पर कधी फाटले नाही.

अशा गोष्टींची गरज आपल्यापेक्षा जपानी मुलांना अधिक. जोडाक्षरे सोडली, तर आपली वर्णमाला पन्नासएक अक्षरांत आटोपते. जपानी मुलांना मात्र प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ चिन्हे शिकावी लागतात. ही चिन्हे मूळची चीनमधील. जपानी भाषेत त्यांना 'कांजी' म्हणतात. आपली अक्षरे केवळ ध्वनी दाखवितात, ही चिन्हे अर्थही सांगतात.

त्यांतील काही मुळात चित्रेच होती. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी रेघ आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा काढा, झाले झाड! दोन झाडे शेजारीशेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. झाडाच्या बुंध्यावर लहानशी आडवी रेघ मारली की 'मूळ'. त्याच्याआधी सूर्याचे चिन्ह लिहिले, म्हणजे होते 'सूर्याचे मूळ', आणि हेच जपान देशाचे नाव! झाडाशेजारी माणूस काढला तर? उन्हातून चालून आलेला वाटसरू झाडाला टेकला आहे. त्या चिन्हाचा अर्थ विश्रांती.

पण बहुसंख्य चिन्हे इतकी सरळ नाहीत. त्यांचा एक भाग अर्थ सुचवितो, तर दुसरा केवळ उच्चाराची खूण असतो. तेथे गोष्ट आपणच रचावी लागते. जेम्स हायसिग या अमेरिकन अभ्यासकांनी चिन्हांचे तुकडे पाडले, तुकड्यांना नावे दिली आणि नावे गुंफून गोष्टी रचल्या. महिनाभरात त्यांना सुमारे १९०० चिन्हे आठवणीने लिहिता येऊ लागली. १९७७ साली त्यांनी ही रीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मात्र ती चिन्हे वाचावी कशी, हे वेगळे शिकावे लागते. झाडाचे चिन्ह कितीही निरखले, तरी जपानी लोक झाडाला 'कि' म्हणतात, हे त्यातून थोडेच कळणार!

आणखी एक मौज सांगतो. 'पूर्व' या जपानी चिन्हात झाड आणि सूर्य एकमेकांत मिसळलेले दिसतात. झाडाआडून सूर्य डोकावतो, ती पूर्व दिशा, असे शेकडो वर्षे शिकविले गेले. सुमारे १९०० वर्षांपूर्वी शू शेन या चिनी पंडिताने आपल्या कोशातही तसेच सांगितले होते. पुढे १८९९ साली कासवांच्या कवचांवर व गुरांच्या हाडांवर कोरलेले तीन हजार वर्षांपूर्वीचे लेख विद्वानांच्या ध्यानी आले. त्यांत हेच चिन्ह दोन्ही टोकांना बांधलेल्या थैलीसारखे दिसते! उच्चार सारखा असल्यामुळे थैलीचे चिन्ह 'पूर्व' या शब्दासाठी उसने घेतले असावे, असे आता अनेक अभ्यासक मानतात.

म्हणजे सूर्याची ती गोष्ट इतिहास म्हणून टिकली नाही. 'पूर्व' लिहावयास शिकणाऱ्या मुलांच्या मनात मात्र झाडाआडून अजूनही सूर्यच उगवतो.