शोधखिडकीपाशी बसणाऱ्या भाचीला

दादाचा फोन आला, तू एका जुन्या ग्रंथालयात वेब डेव्हलपर म्हणून लागलीस आणि डिजिटल संग्रह सुधारायचं काम तुझ्याकडे आलं म्हणून. ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. बावीस वर्षं मी हेच काम केलं. तुझ्या वयात मला वाटायचं, पान स्कॅन झालं, साइटवर चढवलं, संपलं. पण माळ्यावर हंडा आहे आणि घरात शिडी नाही, तर तो हंडा असून काय उपयोग? आपलं काम शिडीचं आहे. तू घाईची आहेस, लहानपणी लाडू वळायच्या आधी खायचीस, म्हणून हे नंबर घालून लिहिते. एका दमात वाचू नकोस.

१. पहिले आठ दिवस कोडला हात लावू नकोस, देवघेव विभागात स्टूल टाकून बस — वाचक पुस्तक कसं मागतो ते तिथेच कानावर पडतं. “गडकऱ्यांचं ते विनोदी, निळ्या बांधणीचं” असं मागणारे पुष्कळ, आणि तुझ्या शोधखिडकीतही ते तसंच टंकणार.

२. तालिकेतली नोंद विचित्र दिसली तरी आधी ग्रंथपालांना विचार, मग बदल — तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती कारणाने तशी केलेली असते. ज्याने पेरलं त्याला विचारून खुरपावं.

३. फाइलचं नाव दाखल क्रमांकावरून ठेव आणि पुढचा पानाचा आकडा शून्यं भरून लिही — नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. ‘फायनल’ आणि ‘नवीन फायनल’ अशी नावं मला दिसली तर मी रागावेन.

४. मूळ टिफ फाइल जपून ठेव, वाचकाला तिची हलकी प्रत दे — ४०० डीपीआयला रंगीत ए-४ पानाची टिफ पंचेचाळीस एमबीच्या घरात जाते, आणि आपला वाचक एसटीत बसून फोनवर पान उघडतो.

५. नकाशे, पोथ्या, वर्तमानपत्रं यांच्यासाठी चित्राचे तुकडे करून देणारी आयआयआयएफ पद्धत वापर — डोळ्यापुढे जेवढा भाग आहे तेवढाच उतरतो. पाहुण्याला ताटात वाढावं, पातेलं अंगावर ठेवू नये.

६. जाहिरातींची पानं, मलपृष्ठ, कोरं पान, काही वगळू नकोस — किमती, औषधं, दुकानं यांवर संशोधन करणारे नेमकी तीच पानं शोधतात. आणि पान मुळातच फाटलेलं असेल तर तसं नोंदीत लिही, म्हणजे वाचक तुझ्या साइटला दोष देत बसणार नाही.

आता नोंदी. इथे कंटाळा केलास की पुढची दहा वर्षं निस्तरत बसावं लागतं.

७. शके दिसला की डोळे मिटून ७८ मिळवू नकोस — शक वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, शके १८०२ चा. ७८ मिळवलेस तर तो १८८० त जाऊन बसेल. मी एका मासिकाचे असे कितीतरी अंक वर्षभर मागे ढकलले होते, आणि एका वयस्कर वाचकांनी पोस्टकार्ड पाठवून ते दाखवून दिलं.

८. छापलेली तारीख आणि तू काढलेली तारीख वेगवेगळ्या रकान्यांत ठेव — तुझं गणित चुकलं तरी मूळ शाबूत राहतं.

९. गावाचं नाव नकाशावर टाकण्याआधी कुठलं गाव ते बघ — १८०५ साली विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं, ते बंगालातलं श्रीरामपूर. आमच्या नकाशावर ते अहिल्यानगर जिल्ह्यात उमटलं होतं.

१०. लेखकाचं एक मुख्य नाव ठरव आणि बाकीची सगळी त्याला बांध — राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. केशवसुत शोधणाऱ्याला कृष्णाजी केशव दामले ठाऊक असतीलच असं नाही. एका माणसाला तीन दारं असली तरी घर एकच दिसलं पाहिजे.

११. जुन्या पुस्तकाचं साल किंवा प्रकाशक कळत नसेल तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची उघड — १८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं त्यांनी एकेक करून नोंदवली, संगणक नसताना. ती उघडायचा कंटाळा आला तर त्यांचे कष्ट आठव.

१२. मोडी कागदाला बाळबोधात दोन ओळींचा सारांश हाताने लिहून घे — मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली खरी, पण जुनं हस्ताक्षर यंत्राच्या भरवशावर सोडण्यासारखं नाही. मोडी वाचणारी माणसं गावात असतात, त्यांना मानाने बोलाव आणि सारांशाखाली त्यांचं नाव घाल.

१३. हक्क तपासल्याशिवाय पुस्तक खुलं करू नकोस — आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं असं लेखन २०११ पासून मोकळं आहे. खांडेकर १९७६ साली गेले, तिथे २०३६ संपेपर्यंत थांबायचं. प्रस्तावना आणि चित्रं दुसऱ्या कुणाची असतील तर त्यांचा हिशेब वेगळा.

आता शोध. इथे माझा जीव अडकलेला आहे म्हणून जरा लांबण लावते, ऐकून घे. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी घे. मुखपृष्ठावर ‘पण लक्षांत कोण घेतो’ असं, डोक्यावर अनुस्वार देऊन छापलेलं. आजची मुलगी ‘लक्षात’ टंकते, कारण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. कपाटात पुस्तक आहे, स्कॅन आहे, नोंद आहे, आणि पडद्यावर येतं ‘काही सापडलं नाही’. त्या एका टिंबापायी वाचक परत जातो. तो भांडत नाही, तक्रार लिहीत नाही, दुसऱ्यांदा येतच नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. म्हणून:

१४. शोधसूचीत प्रत्येक शब्दाची दोन रूपं ठेव, एक जसंच्या तसं आणि एक अनुस्वार काढलेलं. जुळवताना पहिल्याला आधी मान दे — सरसकट अनुस्वार पुसलेस तर ‘मंद’ आणि ‘मद’ एकाच पंगतीला बसतील. दाखवताना मात्र मूळ छापील रूपच दाखव.

१५. एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास टाकू नकोस — ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो, ‘ऑ’च्या नात्यातला ‘ॲ’सुद्धा एका कळीने किंवा अ-वर चंद्र देऊन होतो. डोळ्याला सारखं, यंत्राला वेगळं. सूची करताना आणि वाचकाचा शब्द घेताना, दोन्हीकडे एकच चाळणी लाव. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण ‘ॲ’ची ही दोन रूपं एक करत नाही, तो नियम तुला स्वतः लिहावा लागेल.

१६. सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे छापलेली जुनी मासिकं असतील तर ‘अिकडे’ आणि ‘इकडे’, ‘अुद्या’ आणि ‘उद्या’ यांची गाठ घालून दे — नाहीतर आख्खी वर्षंच्या वर्षं शोधातून गळतात.

१७. ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याची’ हेही मिळालं पाहिजे — मराठीत नाव प्रत्यय घेताना आपलं रूपच बदलतं. परक्या भाषेसाठी बनवलेलं तयार साधन हे आपणहून करणार नाही. गावांची आणि आडनावांची यादी हाताने करायला बस, चार दिवस लागतील.

१८. आकडे मराठीत टंकले काय आणि इंग्रजीत टंकले काय, उत्तर एकच येऊ दे. रोमन अक्षरांत टिळक लिहिणाऱ्यालाही हाकलू नकोस — परदेशात वाढलेल्या नातवंडांच्या फोनवर कळफलक तेवढाच असतो.

१९. ओसीआरला पानावरच्या सगळ्या भाषा आधी सांग — ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी छापलेलं आहे. भाषा आणि रकाने सांगितले नाहीत तर खिचडी होते, आणि ती कुणाच्या पोटाला चालत नाही.

२०. शिळाप्रेसवरचं पुस्तक असेल तर ओसीआरचा मजकूर ‘यंत्राने वाचलेला, तपासलेला नाही’ असं लिहूनच दे — चुकीचा उतारा कुणाच्या प्रबंधात गेला की तिथून परत बोलावता येत नाही.

२१. दर सोमवारी सकाळी, चहा हातात घेऊन, रिकाम्या हाताने परतलेल्या शोधांची यादी वाच — वाचकाला काय हवं आहे हे कुठल्याही बैठकीपेक्षा ती यादी नीट सांगते. मी केलेल्या सुधारणांपैकी निम्म्याहून जास्त तिच्यातूनच निघाल्या.

दिसण्याबद्दल थोडंच सांगते, तुझा हात तिथे माझ्यापेक्षा चांगला आहे.

२२. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदव — मग चांगला फॉन्ट आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतो, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मराठीसारखं वाचतो.

२३. अक्षरांत अंतर वाढवायची हौस इंग्रजीपुरती ठेव — शिरोरेषा तुटली की शब्दाचं छप्पर उडतं. ओळींमध्ये मात्र हात सैल सोड, वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते.

२४. यादी मराठी वर्णक्रमाने लाव — आपला माणूस ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर शोधतो. युनिकोडच्या क्रमाने लावलंस तर ळ ल-शेजारी आणि क्ष क-च्या पोटात सापडतो.

आणि सांभाळायच्या गोष्टी. या रोज दिसत नाहीत, म्हणून राहून जातात.

२५. पुस्तकाचा पत्ता एकदा दिलास की बदलू नकोस. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय त्याच दिवशी कर — पाटी हलली, पाहुणा मुकला. आम्ही नवी प्रणाली आणली तेव्हा हे मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. एका मुलीच्या पीएच.डी.च्या तळटीपांतले सगळे दुवे मेले, आणि तिची तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती. रात्री बसून एकेक दुवा जोडून दिला, पण तिचा तो रडवेला आवाज मी विसरलेले नाही.

२६. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. आणि त्यातली निदान एक नेटवर्कपासून तोडलेली — एकाच कोनाड्यात ठेवलेले तिन्ही दिवे एकाच वाऱ्याने विझतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, आणि एवढ्या मोठ्या संस्थेची ऑनलाइन तालिका जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना बंद होती.

२७. सहा महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एक पुस्तक खरंच परत उभं करून बघ, आणि फाइलींचे चेकसम जुळवून बघ — बिघडलेली फाइल गुपचूप बिघडते, नाव तेच राहतं.

२८. डोमेन, सर्व्हर, पासवर्ड सगळं ग्रंथालयाच्या नावावर, नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या भिंतीच्या कॅलेंडरवर — माणसं बदलतात, नोकऱ्या सुटतात. तुझीही एक दिवस सुटेल, चांगल्या कारणाने सुटो.

२९. ग्रंथालयाच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी साइटवर बदल चढवू नकोस, वर्धापनदिनाच्या सकाळी तर मुळीच नको.

३०. प्रत्येक पानाखाली ‘चूक कळवा’ असं बटण दे आणि पुस्तकाचा क्रमांक त्यात आपोआप भर — वाचकाला शोधत बसायला लावलंस तर तो कळवणारच नाही. आलेल्या पत्राला दोन ओळींचं उत्तर द्यायचंच. एका आजींनी आमच्या संग्रहातल्या एका शाळेच्या गटछायाचित्रातल्या अकरा मुलींची नावं अशीच लिहून पाठवली होती. त्यापूर्वी ती नोंद नुसती ‘मुलींचा गट’ अशी होती.

३१. केलेल्या प्रत्येक मोठ्या बदलाचं कारण मराठीत, साध्या वहीत का होईना, लिहून ठेव — तुझ्यानंतर येणारी पोरगी तुझी भाची नसली तरी कुणाची तरी असेल.

३२. महिन्यातून एक पुस्तक आपल्याच साइटवर, आपल्या साध्या फोनवर, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाच — कुठे पान अडकतं, कुठे अक्षर फुटतं, हे वाचक होऊन बसल्याशिवाय कळत नाही.

आज घरी जाण्याआधी एवढं कर. तुमच्या शोधखिडकीत ‘पण लक्षात कोण घेतो’ टंक, अनुस्वार न देता. काय येतं ते रात्री फोन करून मला सांग. मी साडेदहापर्यंत जागी असते.