गव्हाविना भाकर

कणीक ओढली तर ताणते. हा चिवटपणा ग्लुटेनमुळे येतो. ते गव्हात असते, जवातही असते. रवा, मैदा, शेवया म्हणजे गहूच.

काही मुलांना ते बाधते. आतडे आतून झिजते. ढाळ लागते, पोट फुगते, पोर वाळते. या रोगाला सिलिॲक म्हणतात. त्याला औषध नाही. गहू जन्मभर बंद. मात्र आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. त्याआधीच गहू सोडला, तर रोग सापडत नाही.

मग पोराने खावे काय? अहो, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात! कोकणात घावन होते. मेक्सिकोत चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, वाटून पोळी करतात. इथिओपियात टेफ हे बारीक धान्य आंबवून आंबोळीसारखा इंजेरा घालतात. आम्हांला तर नाचणीची भाकरी अन् लसणीची चटणी पुरे.

जपायचे ते गिरणीत. गव्हामागून ज्वारी दळली, की गहू मिसळलाच. घरी वेगळे जाते ठेवावे. काठवटही वेगळी हवी. हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. आता वाचता येते ना? मग डबीवरची अक्षरे वाचूनच हिंग घ्यावा.