अनपेक्षित चेहरा आणि आपला मेंदू

बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज कितीतरी चेहरे पाहतो. समोरचा माणूस कोणत्या कामासाठी आला आहे हे कळताच त्याचा चेहरा कसा असेल, याचा अंदाज आपला मेंदू बांधून ठेवतो. एकदा एक वयस्क बाई संयुक्त खात्यातून दिवंगत पतीचे नाव कमी करण्यासाठी आल्या आणि मृत्यूचा दाखला पुढे करताना चक्क हसल्या. आम्ही दचकलो. ‘यांना दुःख कसे नाही?’ असे मनात आले आणि ‘झेरॉक्स नाही, उद्या या,’ असे आम्ही रुक्षपणे सांगितले. तेव्हा त्यांचे ओठ थरथरले. ते हसू रडू आवरण्यासाठी होते!

आमची चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी मेंदूचे कार्य पाहू या.

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युतलहरी मोजता येतात. चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शात, एक विशिष्ट लहर उमटते. प्रयोगात ओळीने शांत चेहरे दाखवून मध्येच रागीट किंवा भ्यालेला चेहरा दाखविला, तर पाहणाऱ्याचे लक्ष दुसऱ्या कामात असतानाही लहरींत फरक पडतो. अर्थात, आपण विचार करण्यापूर्वीच ‘अंदाज चुकला’ अशी नोंद मेंदू करतो.

पण त्या चेहऱ्याचा अर्थ कसा ठरतो? सन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आश्चर्यचकित चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविण्यात आली. काही छायाचित्रांपूर्वी ‘हिचे ५०० डॉलर हरवले’ अशा आशयाचे, तर काहींपूर्वी ‘हिला ५०० डॉलर सापडले’ अशा आशयाचे वाक्य होते. अमिग्डला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग भावनेशी संबंधित आहे. वाईट बातमीच्या वाक्यानंतर त्याची प्रतिक्रिया अधिक तीव्र आढळली. भाव तोच, परंतु माहिती बदलताच प्रतिसाद बदलला.

यातून आपण काय शिकावे? दचकणे आपल्या हाती नाही. निष्कर्ष काढण्यापूर्वी थांबणे मात्र आपल्या हाती आहे. त्या बाईंना ‘बसा, पाणी घेता का?’ एवढे विचारले असते, तरी आम्हास खरी माहिती मिळाली असती. घरी मूल रागावले, सभेत एखादा सहकारी अकारण हसला, तरी आधी विचारावे, मग मत बनवावे. दुसऱ्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. झेरॉक्स आम्हीच काढून आणली.