वैमानिकांचे पगार आणि तुमचे शेअर

प्रश्न : माझ्याकडे ज्या विमान कंपनीचे शेअर आहेत, तिथले वैमानिक पगारावरून संपाची भाषा करत आहेत. विकावेत का?

उत्तर : भांडण वाढीव पगाराचे आहे की थकलेल्या, ते आधी पाहा. अमेरिकेत डेल्टाच्या वैमानिकांनी २०२३मध्ये चार वर्षांसाठी ३४ टक्के वाढ मिळवली. खर्च वाढला, कंपनी चालत राहिली. जेट एअरवेजमध्ये मात्र पगारच थकले होते. १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबली, तरी स्वस्त मिळतो म्हणून शेअर घेणारे होतेच. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. अवसायनात भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी, बँका आणि कर्मचाऱ्यांच्याही मागे. म्हणून थकीत पगार दिसले, की मी विमानांचे भाडे आणि इंधनाची बिले तपासतो. तीही थकली असतील, तर भाव कितीही पडलेला असो, विका.